करवत केवढी घ्यावी?

दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी सातारा-सांगलीकडे काही घरांत अजून बंब पेटतो. त्यासाठी लागणारे ओंडके पूर्वी दोघे जण लांब करवत ओढून कापीत. आता साखळीची यांत्रिक करवत घरघरते. ती केवढी घ्यावी, असे कोणी विचारले की मी विचारतो, "ओंडका केवढा?" पाते ओंडक्याच्या जाडीहून दोन इंच लांब असले की पुरे. फूटभर जाडीच्या बाभळीला १४ इंची पाते हवे. त्याहून मोठे घेतले, तर इंजिन मोठे, वजन जास्त आणि हात लवकर थकतात. मग चुकून पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली, की करवत उसळून थेट तोंडावर येते! झाड उभे असेल, तर १९६४ चा वृक्षतोड कायदा आधी पाहावा. बंब काय, लहान ओंडक्यावरही तापतो.