किल्ला एकदाच उभारावा

अहमदनगरच्या ज्या किल्ल्यात १९४२पासून नेहरू स्थानबद्ध होते, तो उद्या कोणी आभासी वास्तवात उभारला, तर कोणत्या उपकरणावर दिसेल? प्रत्येक कंपनीची आज्ञावली निराळी असेल, तर तेच काम पुन्हापुन्हा करावे लागते. कंपनीने हात आखडला की मेहनत वाया. गूगलने २०१९मध्ये डेड्रीम हे आपले आभासी वास्तवाचे व्यासपीठ असेच गुंडाळले. त्याच वर्षी क्रोनोस ग्रुप या कंपन्यांच्या संघाने ओपनएक्सआर १.० हे खुले मानक आणले. डोके-हातांची स्थिती विचारण्याची आणि चित्र पडद्यावर पाठवण्याची ती सामाईक पद्धत आहे. एकसारखेपणाने नावीन्य खुंटेल, असा आक्षेप घेतला जातो. पण नवी सोय आधी ‘विस्तार’ म्हणून जोडता येते; २०२४च्या १.१ आवृत्तीत असे रुळलेले विस्तार मूळ मानकात सामावले. म्हणून सार्वजनिक पैशातल्या कामाला तरी खुल्या मानकाची अट हवी.