नव्यानें बांधलेल्या इंजिनाचे पहिले दिवस

2014 सालीं जिची निर्मिती थांबली, ती ॲम्बॅसडर मोटार कांहीं घरांनीं अजून जपली आहे. अशा गाडीचें इंजिन नव्यानें बांधलें कीं घरांत दोन मतें पडतात. वडीलधारीं म्हणतात, ‘महिनाभर अगदीं हळू चालवा’. तरुणांना वेग लागलीच अजमावायचा असतो. दोन्ही पक्ष चुकतात.

सिलिंडरच्या भिंतीवर मिस्त्रीनें मुद्दाम बारीक, आडव्यातिडव्या रेघा पाडलेल्या असतात. त्यांचे उंचवटे पिस्टनच्या रिंगांशीं घासून झिजले म्हणजे रिंग भिंतीशीं नीट बसते. तिला भिंतीवर दाबण्याचें काम मुख्यत्वें जळत्या वायूचा दाब करतो. इंजिनावर भारच नसेल तर तो अपुरा पडतो. रेघा तेलाच्या चकचकीत थराखालीं बुजतात, गाडी तेल पिऊं लागते, निळा धूर येतो, आणि केलेला खर्च पुन्हां करण्याची पाळी येते. उलट, अतिवेगानें नवे भाग तापून एकमेकांस धरून बसतात.

म्हणून इंजिन सुरू होतांच तेलाचा दाब पाहावा. गाडी उभी ठेवून तें फार वेळ चालवूं नये. तापल्यावर मोकळ्या रस्त्यानें मध्यम भार द्यावा, वेग कमीजास्त करीत राहावें, चढावर वरच्या गिअरमध्यें ओढूं नये. सुमारें 800 किलोमीटरनंतर तेल व फिल्टर बदलावा. त्या तेलांत धातूचा बारीक कीस उतरलेला असतो.

नव्या बैलास पहिल्याच दिवशीं भरल्या गाड्यास कोणी जुंपीत नाहीं. पण गोठ्यांत बांधून ठेवल्यानेंहि तो कामास तयार होत नाहीं.