संगीत पत्रकारितेचा आधार का खचला?

१७ जानेवारी २०२४ रोजी ‘कॉन्दे नास्ट’ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने ‘पिचफोर्क’ हे संगीतविषयक संकेतस्थळ पुरुषांसाठीच्या ‘जीक्यू’ मासिकात विलीन करण्याचा निर्णय जाहीर केला. मुख्य संपादक पूजा पटेल यांच्यासह अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. रायन श्रायबर या तरुणाने १९९६ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळाचा शब्द संगीतविश्वात प्रमाण मानला जाई. त्याने दहापैकी किती गुण दिले, यावर नवख्या कलावंतांचे भवितव्य पालटत असे.

ब्रिटनमधील पडझड त्याआधीच सुरू झाली होती. १९२६ पासून चालत आलेले ‘मेलडी मेकर’ २००० मध्ये ‘एनएमई’त विसर्जित झाले. ज्या ‘एनएमई’ने १९५२ मध्ये ब्रिटनमधील पहिली लोकप्रिय गीतांची क्रमवारी छापली, ते साप्ताहिक २०१५ मध्ये विनामूल्य वाटले जाऊ लागले आणि मार्च २०१८ मध्ये त्याची छापील आवृत्ती थांबली. १९८६ मध्ये निघालेले ‘क्यू’ मासिक २०२० मध्ये बंद पडले.

तीन खांब

या व्यवसायाची इमारत तीन खांबांवर उभी होती. पहिला खांब जाहिरातींचा. ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या आणि मैफलींचे आयोजक यांना रसिकांपर्यंत पोहोचण्यासाठी ही नियतकालिके आवश्यक होती. आज गूगल आणि फेसबुक नेमका रसिक हेरून त्याच्यासमोर जाहिरात ठेवतात.

दुसरा खांब खरेदीच्या सल्ल्याचा. ध्वनिमुद्रिका विकत घेण्यापूर्वी ती पूर्ण ऐकण्याची सोय क्वचितच असे. त्यामुळे चांगल्या परीक्षणाने वाचकाचे पैसे वाचत. आता स्पॉटिफायवर दहा कोटींहून अधिक ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत आणि एखादे न आवडल्यास पुढे सरकायला काहीच खर्च येत नाही.

तिसरा खांब कलावंताच्या भेटीचा. नामवंत गायकाचे मनोगत पूर्वी मुलाखतीतूनच कळे. आता तो इन्स्टाग्राम वा यूट्यूबवरून थेट चाहत्यांशी बोलतो आणि अवघड प्रश्न विचारणारा मध्यस्थ त्याला नकोसा वाटतो.

काय हरवते?

शिफारस करणारी संगणकीय यंत्रणा श्रोत्याच्या जुन्या आवडीवरून नवे गीत सुचवते. ते गीत कोणत्या परंपरेतून आले, कोठे उणे पडले, हे ती सांगत नाही. शिवाय तिच्या मालकांना जाब कोण विचारणार, हा प्रश्न उरतोच. बारा महिन्यांत एक हजाराहून कमी वेळा ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मोबदला न देण्याचे धोरण स्पॉटिफायने २०२४ पासून लागू केले. अशा निर्णयाचा लहान कलावंतावर काय परिणाम होतो, हे शोधणे पत्रकाराचेच काम आहे.

मराठीतील वेगळी वाट

रागसंगीताच्या बाबतीत हानी अधिक खोल आहे. मैफल एकदाच घडते, आणि गेल्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक मैफलींचे ध्वनिमुद्रणच नाही. त्या काळच्या गायकांची मांडणी आज समजते ती पुष्कळशी लिखित शब्दामुळे. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायकांवर लिहिले. ते स्वतः संगीतकार होते. ‘घरंदाज गायकी’ (१९६१) लिहिणारे वामनराव देशपांडे यांचा पेशा सनदी लेखापालाचा, तर गाण्याची तालीम मोगूबाई कुर्डीकरांकडची.

ही समीक्षा लेखकाच्या चरितार्थावर अवलंबून नव्हती. तिला जागा देणारे संपादक आणि चर्चा करणारे वाचक मात्र लागत. आज दैनिकांत मैफलीची पूर्वप्रसिद्धी ठळक असते, परीक्षणाला मात्र जागा अपुरी पडते.

परदेशातील मराठी मंडळांत ही उणीव विशेष जाणवते. भारतातून आलेल्या गायकाचा कार्यक्रम रंगतो, छायाचित्रे प्रसृत होतात, आभार मानले जातात. गायनाविषयी कोणी लिहीत नाही. आयोजक स्वयंसेवक, श्रोते परिचित आणि कलावंत पाहुणा, म्हणून प्रतिकूल शब्द अशिष्ट वाटतो. परिणामी कौतुकालाही वजन उरत नाही.

पुढे काय?

काही प्रयोग आशादायक आहेत. १९८२ मध्ये निघालेले लंडनचे ‘द वायर’ मासिक या शतकाच्या आरंभापासून कर्मचाऱ्यांच्याच मालकीचे आहे. ‘द क्वायटस’ वाचकांच्या वर्गणीवर विसंबते. ‘पिचफोर्क’मधील काही माजी सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘हिअरिंग थिंग्ज’ हे स्वतःच्या मालकीचे संकेतस्थळ सुरू केले. वर्गणीदार मर्यादित असल्याने असे उपक्रम आकाराने लहानच राहतात. मात्र मोठ्या कंपनीच्या एका निर्णयाने ते पुसले जात नाहीत.

मराठी मंडळांना याहूनही अल्प खर्चात आरंभ करता येईल. कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात ध्वनियंत्रणेप्रमाणे परीक्षणाच्या मानधनाचीही तरतूद करावी, लेखक आयोजक समितीबाहेरचा असावा आणि गायलेले राग, बंदिशी, साथीदार व तारीख यांची नोंद परीक्षणात असावीच. पन्नास वर्षांनी लंडनमध्ये वा न्यू जर्सीत कोणते गाणे झाले, याचा शोध घेणाऱ्याला निदान तेवढा पुरावा सापडेल.