शरीराचे अस्तर बदलते तेव्हा...

त्वचेपासून आतड्यापर्यंत शरीराचे आतले-बाहेरचे पृष्ठभाग पेशींच्या सलग थराने आच्छादलेले असतात. शालेय पुस्तकांत त्याला 'अभिस्तर ऊती' म्हणतात. परीक्षेपुरता पाठ केलेला हा विषय पुढे अनेकांना बायॉप्सीच्या अहवालातून पुन्हा भेटतो. कारण प्रौढांच्या कर्करोगांपैकी ८० ते ९० टक्के याच ऊतींत सुरू होतात.

या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. त्यांच्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषण खालच्या संयोजी ऊतींतून मिळते. पेशींचा आकार आणि थरांची संख्या यांवरून त्यांचे प्रकार ठरतात. फुप्फुसातील वायुकोशांना मुख्यत्वे चपट्या, म्हणजे पट्टकी पेशींचा एकच पातळ थर असतो. त्यामुळे प्राणवायू सहज रक्तात उतरतो. मूत्रपिंडाच्या सूक्ष्मनलिकांतील घनाकार पेशी पाणी व क्षार परत शोषून घेतात. आतड्यातील स्तंभीय पेशी अन्नरस शोषतात आणि साधारण तीन ते पाच दिवसांत त्यांची जागा नव्या पेशी घेतात. तोंड, अन्ननलिका व त्वचेला सतत घर्षण सोसावे लागते, म्हणून तेथे पट्टकी पेशींचे अनेक थर असतात. श्वासनलिकेतील स्तंभीय पेशींवर सूक्ष्म रोमक असतात. ते धूळ अडकलेला कफ घशाकडे ढकलतात.

वर्षानुवर्षे विडी-सिगारेटचा धूर लागला की या रोमक पेशींच्या जागी चपट्या पेशींचे थर येतात. या पेशी धुराला अधिक तोंड देतात. पण सफाईचे काम थांबते आणि कफ साचून खोकला मागे लागतो. हा बदल म्हणजे कर्करोग नव्हे. धूम्रपान सोडल्यास तो बऱ्याच अंशी मागे फिरू शकतो; मात्र धूर चालूच राहिला तर पेशींची रचना बिघडत जाऊन कर्करोगाचा धोका वाढतो.

तोंडाचे अस्तरही तंबाखू, गुटखा आणि सुपारीमुळे असेच बिघडते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू-सुपारीची सवय कायम आहे. पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड उघडण्यास होणारा त्रास दिसल्यास दंतवैद्य अथवा कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला असे चट्टे बहुधा दुखत नाहीत. बिघडलेल्या पेशी अस्तराची सीमा ओलांडून खोल शिरण्याआधी निदान झाले, तर उपचार सोपा ठरतो.