रस्त्यावरचा माल

गोदामाची मांडणी या आठवड्यात सांगेन असं कबूल केलं होतं. ती पुढच्या वेळी. कराडहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही.

त्यांचं किराणा दुकान आहे. मुलगी बारावी कॉमर्स झाली. सी.ए. नको, पुरवठा साखळी व्यवस्थापनात बी.बी.ए. करायचं म्हणते. ते विचारतात, माल मागवायचा, आला की मोजून घ्यायचा, विकायचा. यात तीन वर्षं शिकवण्यासारखं आहे तरी काय? आणि जाता जाता आणखी एक प्रश्न : एका वेळी किती माल मागवावा ते सांगणारं हॅरिसचं वर्गमुळाचं सूत्र मी गेल्या आठवड्यात दिलं होतं, ते त्यांनी साखरेला लावून बघितलं, बरोबर जमलं. नारळाला लावलं, अजिबात जमलं नाही. असं का?

दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत. त्यांचं उत्तर मी गेली कित्येक वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर देत नाही. त्यांना खेळायला बसवतो.

खेळाचं मूळ नाव बिअर गेम. अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्लोन व्यवस्थापन विद्याशाखेत तो जन्माला आला आणि जगभरात या विषयाच्या वर्गांत आजही खेळला जातो. आमच्या वर्गात बिअरच्या जागी बिस्किटांची खोकी असतात, बाकी नियम तेच. एका लांब टेबलावर चार मुलं ओळीने बसतात : दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, कारखाना. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ खोकी. दर फेरी म्हणजे एक आठवडा. खालच्याची चिठ्ठी येते, तेवढी खोकी त्याच्याकडे सरकवायची, मग आपल्याला किती हवीत ते चिठ्ठीवर लिहून वरच्याकडे पाठवायचं. चिठ्ठी पोचायला आणि माल खाली यायला मिळून साधारण चार आठवडे जातात. शिल्लक राहिलेल्या प्रत्येक खोक्याला आठवड्याला ५० पैसे खर्च, मागणी असून देता न आलेल्या खोक्याला १ रुपया. चौघांचा मिळून खर्च ज्या टेबलाचा कमी, ते टेबल जिंकलं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : बोलायचं नाही. चिठ्ठीवरचा आकडा एवढीच भाषा.

ग्राहकाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडे पालथा ठेवलेला असतो. त्या फक्त दुकानदाराला दिसतात, एका वेळी एक. पहिले चार आठवडे प्रत्येक चिठ्ठीवर ४ लिहिलेलं असतं. मुलं कंटाळतात. पाचव्या आठवड्यात चिठ्ठी निघते, ८.

त्यानंतर काय होतं ते मी इतक्यांदा पाहिलंय, तरी दर वर्षी टेबलाजवळून हलवत नाही. दुकानदाराकडे आठवड्याला ४ येतात आणि ८ जातात. सातव्या आठवड्याच्या अखेरीला त्याची शिल्लक शून्य होते, आठव्यात पहिल्यांदा ग्राहक रिकाम्या हाताने परत जातो. तो घाबरून १२ मागवतो, मग १६. होलसेलरला वाटतं बिस्किटांची लाटच आलीय, तो २० लिहितो. डिस्ट्रिब्युटर ३० च्या पुढे जातो. कारखान्याच्या खुर्चीवर बसलेलं पोर एका फेरीत ५० खोक्यांचं उत्पादन लावून मोकळं होतं. मग काही आठवड्यांनी हा सगळा माल एकदम खाली यायला लागतो. टेबलावर खोक्यांचे ढीग लागतात. चिठ्ठ्यांवर शून्य, शून्य, शून्य. कारखाना बंद.

खेळ थांबवला की मी प्रत्येकाला एक कोरा कागद देतो : ग्राहकाची मागणी कशी गेली असेल, तिचा आलेख काढा. दुकानदार सोडून सगळे डोंगर काढतात. आधी चढ, मग कडा, मग उतार. कारखान्यावर बसलेल्यांचे डोंगर तर सगळ्यात उंच. कुणी खाली लिहितं, “ग्राहक चंचल आहे.” मग मी गठ्ठा उलगडून चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर मांडतो. ४, ४, ४, ४, ८, ८, ८, ८, ८. शेवटपर्यंत ८. मागणी फक्त एकदाच बदलली होती.

त्या क्षणी वर्गात जी शांतता होते, तिच्यासाठी मी हा विषय शिकवतो.

हे आपल्याच मुलांचं होतं असं नाही. एमआयटीचे प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये या खेळाच्या नोंदींवर एक निबंध प्रसिद्ध केला. नीट हिशेबाने खेळलं तर संघाचा खर्च सुमारे २०४ डॉलर यायला हवा. प्रत्यक्षात सरासरी आली २,०२८. जवळजवळ दहापट. आणि चूक कुठे होते तेही त्यांनी नेमकं दाखवलं. खेळणारा आपल्यापुढचा साठा बघतो, आलेली मागणी बघतो, पण आपण आधीच मागवलेला आणि अजून वाटेत असलेला माल हिशेबात धरत नाही, किंवा फारच थोडा धरतो. समजा १२ खोकी कमी पडली. तो १२ जास्तीची मागवतो. पुढच्या आठवड्यात ती आलेली नसतात, खड्डा तेवढाच दिसतो, तो पुन्हा १२ मागवतो. माल यायला चार आठवडे लागत असतील तर एकच खड्डा चार वेळा भरला जातो. आणि त्याच्या वर बसलेल्याला हे चारही वेळचे आकडे खरी विक्री वाटतात.

साखळीत जसजसं वर जावं तसतसे चढउतार मोठे होत जातात, याला इंग्रजीत आसुडाच्या फटकाऱ्याचं नाव दिलंय. मुठीपाशी मनगट जरासं हललं तरी आसुडाचं टोक हातभर उडतं. स्टॅनफर्डचे हाउ ली आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९९७ मध्ये याची कारणं मांडली, तेव्हा त्यांचं पहिलं उदाहरण बाळांच्या डायपरचं होतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांना दिसलं की दुकानांतली विक्री जवळजवळ सपाट आहे. बाळं काही एका आठवड्यात दुप्पट डायपर वापरत नाहीत. तरी वितरकांच्या ऑर्डरी वरखाली उसळत होत्या, आणि खुद्द कंपनी आपल्या कच्च्या मालाच्या पुरवठादारांना देत असलेल्या ऑर्डरी त्याहून जास्त.

इटलीतल्या बरिला या पास्ता कंपनीची हकिगत हार्वर्डने १९९४ मध्ये अभ्यासासाठी लिहून काढली. इटालियन माणूस रोज पास्ता खातो, म्हणजे आपल्याकडच्या पोळीभातासारखी स्थिर मागणी. तरी वितरकांच्या ऑर्डरींचा आलेख करवतीच्या दातांसारखा. कारणं काढली तर त्यात ग्राहक कुठेच नव्हता. होती ती ठरावीक काळाच्या सवलती, ट्रक भरून घेतल्यास कमी भाव, आणि विक्रेत्यांना त्या त्या काळात माल खपवला म्हणून मिळणारं बक्षीस. आपल्याकडच्या कुठल्याही डिस्ट्रिब्युटरला विचारा, तो ‘स्कीम’ आणि ‘महिनाअखेरीचं टार्गेट’ या दोन शब्दांत हेच सांगेल. २९, ३० तारखेला त्याच्या गाळ्यात जो माल उतरतो, तो लोकांना हवा म्हणून उतरत नाही.

बरिलाच्या माल पाठवणाऱ्या विभागाने तोडगा काढला तो साधा होता : वितरकांनी ऑर्डर पाठवूच नये, रोजची विक्री आणि शिल्लक कळवावी, किती माल पाठवायचा ते आम्ही ठरवू. त्याला सगळ्यात आधी विरोध केला कुणी? वितरकांनी आणि बरिलाच्या स्वतःच्या विक्री विभागाने. माझ्या मते या पदवीतला सगळ्यात अवघड धडा हा आहे. गणित येतं; विश्वास येत नाही. आपली वही दुसऱ्याला दाखवायला कुणी तयार होत नाही, आणि ती दाखवल्याशिवाय आसूड थांबत नाही.

आता थोडं मागे जातो, कारण ज्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं त्या जे फॉरेस्टर यांचं नाव घेतल्याशिवाय हा लेख मला पुरा करवणार नाही. नेब्रास्कातल्या गुरांच्या रँचवर वाढलेला, विजेच्या शाखेचा इंजिनिअर. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवर मोलाचं काम करून १९५६ मध्ये हा माणूस व्यवस्थापन शिकवायला आला. जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्यांच्यापुढे एक कोडं ठेवलं. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, आणि काही वर्षांनी अर्धे कामगार घरी पाठवावे लागायचे. बाजारातल्या तेजीमंदीवर बोट ठेवणं सोपं होतं, पण त्याने समाधान होत नव्हतं. फॉरेस्टरनी कामावर घेण्याचे आणि साठा ठेवण्याचे नियम विचारून घेतले आणि वहीच्या पानावर रकाने आखले : साठा, कामगार, ऑर्डरी. आठवड्यामागून आठवडा पेन्सिलीने आकडे भरत गेले. बाहेरून येणारी मागणी स्थिर धरली तरी आतला कारखाना हेलकावे खात होता. दोष बाजारात नव्हता, निर्णय घेण्याच्या रीतीत होता. १९६१ च्या त्यांच्या ग्रंथात कारखाना, वितरक आणि दुकान यांची साखळी आहे. ‘पुरवठा साखळी व्यवस्थापन’ हा शब्द मात्र कीथ ऑलिव्हर या सल्लागाराने १९८२ मध्ये वापरला तेव्हा चलनात आला. नाव पडण्याआधी विषय वीस वर्षांचा झाला होता.

आता नारळ. हॅरिसचं सूत्र धरून चालतं की मागणी वर्षभर एकसारखी आहे आणि माल यायला किती दिवस लागतात ते पक्कं ठाऊक आहे. तुमच्या साखरेला हे दोन्ही लागू पडतं. नारळ श्रावण-भाद्रपदात उसळतो, आणि तो दक्षिणेतून ट्रकने येतो. त्यात तुम्ही पत्राच्या शेवटी जे सहज लिहून गेलात ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं : “गणपतीच्या आधी होलसेलर अर्धाच माल देतो, म्हणून आम्ही आकडाच दुप्पट लिहितो.” हाउ ली यांनी सांगितलेल्या चार कारणांपैकी हे एक, तुम्ही दुकानात बसून शोधलेलं. तुटवडा दिसला की प्रत्येक दुकानदार फुगवून लिहितो, होलसेलर ती फुगलेली बेरीज खरी धरतो, आणि विसर्जनानंतर पोती पडून राहतात. २०२१ मध्ये गाड्यांच्या चिप्सचं काहीसं हेच झालं. २०२० च्या टाळेबंदीत वाहन कंपन्यांनी ऑर्डरी तोडल्या, चिप बनवणाऱ्यांनी ती क्षमता संगणक आणि फोनकडे वळवली, मागणी परतली तेव्हा रांग कित्येक महिन्यांची झाली होती. मग हव्या त्याहून जास्त मागून ठेवायची घाई. आपल्या चाकणच्या पट्ट्यातही त्याची झळ लागली.

तर मग तीन वर्षांत शिकायचं काय? मागणीचा अंदाज बांधण्यासाठी संख्याशास्त्र, आणि तेही कच्चं नको. खरेदी आणि करार. उत्पादनाचं वेळापत्रक. वाहतुकीचा खर्च. गोदाम. एक्सेल इतकं पक्कं की हजार ओळींच्या तक्त्यापुढे हात थांबू नये. आणि हिशेबशास्त्र, पण नव्या नजरेने. कॉमर्सच्या मुलांना इथे पहिला धक्का बसतो. ताळेबंदात साठा मालमत्तेच्या बाजूला लिहायचा हे त्यांना पाठ असतं; खेळात तोच साठा दर आठवड्याला खोक्यामागे ५० पैसे खाताना दिसतो. जागा, व्याज, नासधूस, जुना होत जाणारा माल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे ज्याला उमगलं, तो पुढे कंपनीत मागणीचं नियोजन करायला बसतो तेव्हा विक्रीवाल्यांशीही बोलू शकतो आणि अकाउंट्सवाल्यांशीही.

मुलीला ही पदवी घेऊ द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एकच. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. शिकवणाऱ्यांना विचारा, मुलांना गोदामात किंवा कारखान्यात किती आठवडे काम करायला लावता, आणि वर्गात साखळीचा एखादा तरी खेळ खेळता का. नुसत्या व्याख्या पाठ करून घेणारं कॉलेज असेल तर तुमच्या दुकानात ती जास्त शिकेल. किराण्याच्या घरातली मुलं या वर्गात पुढे असतात, हे मी वारंवार पाहिलंय. त्यांच्या वडिलांच्या वहीत ‘येणं बाकी’ असा एक रकाना असतो. वाटेतल्या मालाचा तोच तो हिशेब, जो टेबलावरची बाकीची मुलं विसरतात.

खेळाला चार माणसं, चिठ्ठ्या, आणि खोक्यांच्या जागी चिंचोके पुरतात. ३० आठवडे खेळा; दीड-दोन तास लागतील. येत्या रविवारी घरी खेळून बघा, चौघांचे ऑर्डरींचे आकडे आठवड्यावार लिहून मला पाठवा. मात्र ज्यांच्याबरोबर खेळणार त्यांना हा लेख आधी वाचायला देऊ नका.