माशीच्या छातीतला स्नायू

केळ्यांचा घड दोन दिवस उघडा राहिला की त्यावर घोंघावू लागणारी फळमाशी जबलपुरात आणि कुलाब्यात सारखीच. तिचे पंख सेकंदाला सुमारे 200 वेळा हलतात. ज्या मोठ्या स्नायूंच्या बळावर ते हलतात, ते पंखांना जोडलेलेही नसतात. ते छातीचे कवच आळीपाळीने ओढतात आणि कवचाबरोबर पंख वरखाली होतात. हे स्नायू घडतात कसे, हा प्रश्न के. विजयराघवन यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हाती घेतला आणि पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात तो अनेक वर्षे चालवला. 1998 चा भटनागर पुरस्कार, 2012 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, 2018 ते 2022 भारत सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागारपद, ही त्यांची ओळख सर्वांना आहे. माझ्या मते या कारकिर्दीचे बळ एकच प्रश्न धरून ठेवण्यात आहे. म्हणून तिचा आढावाही पदांमागून पदे मोजत न घेता त्या प्रश्नाच्या मागोमाग घ्यायला हवा.

कानपूरच्या आयआयटीतून केमिकल इंजिनिअर झालेला हा तरुण जीवशास्त्राकडे वळू शकला, कारण होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकींनी 1962 मध्ये टाटा संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला होता. तेथून पीएच.डी. आणि नंतर कॅलटेकमधली काही वर्षे, एवढी पूर्वपीठिका पुरे. 1991 मध्ये जॉयस फर्नांडिस, मायकेल बेट आणि विजयराघवन यांचा जो निबंध आला, त्यापासून खरी गोष्ट सुरू होते. कोशात गेलेल्या अळीचे बहुतेक स्नायू विरघळून जातात. छातीच्या दुसऱ्या खंडात मात्र प्रत्येक बाजूचे तीन स्नायू टिकून राहतात, नव्या पेशी त्यांच्यावर येऊन मिसळतात, ते दुभंगतात आणि तीनांचे सहा होतात. जुने घर पाडताना तीन खांब राखावेत आणि त्यांच्याच आधाराने नवे घर उभे राहावे, तसे हे आहे. मग हे खांब अपरिहार्य आहेत का? 1996 मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात लेझरने ते नष्ट केले गेले, तरीही स्नायू तयार झाले; फक्त उशिरा, आणि तंतूंची संख्या बेभरवशाची. या निष्कर्षाने पहिले काम खोटे ठरले नाही. त्या तीन स्नायूंचे काम काय, हे त्यामुळे नेमके कळले: स्नायू होणारच असतो, तो किती तंतूंचा आणि कोणत्या वेळी, हे या तीन स्नायूंचा साचा ठरवतो.

साच्यावर येणाऱ्या पेशी कुठून येतात, हा पुढचा प्रश्न. 2014 मध्ये राजेश गुनागे, हाइनरिख रायखर्ट आणि विजयराघवन यांनी दाखवले की छातीच्या प्रत्येक खंडाला सुरुवातीला सारख्याच मोजक्या पेशी मिळतात, पण भावी पंखाच्या चकतीला चिकटलेल्या पेशी वाढत वाढत 2500 च्या वर जातात. आधी त्या नुसत्या दुप्पट होत राहतात. मग प्रत्येक विभाजनात एक मूळपेशी राखली जाते आणि दुसरी स्नायूकडे जाते. पहिल्या टप्प्याला ‘नॉच’ हा संदेश लागतो, दुसऱ्याला त्याच्या जोडीला ‘विंगलेस’, आणि हे संदेश पंखाच्या चकतीकडूनच येतात. स्नायूचा आकार शेजारी ठरवतो, हे मला या साऱ्या कामातले सर्वांत सुंदर उत्तर वाटते.

माशीवरून माणसाचे काय कळणार, हा आक्षेप जुना आहे आणि त्याला एकेकाळी आधारही होता. इजा झालेला स्नायू सांधणाऱ्या ‘सॅटेलाइट’ पेशी अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 मध्ये बेडकात पाहिल्या. त्या सस्तन प्राण्यांतही आहेत. कीटकांत मात्र त्या कोणी दाखवल्या नव्हत्या. 2017 मध्ये धनंजय चतुर्वेदी आणि सहकाऱ्यांनी, याच प्रयोगशाळेतून, प्रौढ माशीच्या स्नायूतंतूंलगत तशाच निद्रिस्त पेशी दाखवल्या. तंतू दुखावला की त्या जाग्या होतात, वाढतात आणि त्याच्यात मिसळतात. त्यासाठीही ‘नॉच’च लागतो. डुशेनच्या आजारात मुलांचे स्नायू वारंवार दुखावतात आणि अखेर ही दुरुस्ती अपुरी पडते. माशी त्यावर औषध देणार नाही, पण दुरुस्तीचे एकेक पाऊल वेगळे करून तपासण्याची सोय तिच्यात आहे. दुसरा आक्षेप श्रेयाचा: 2013 ते 2018 विजयराघवन दिल्लीत जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव होते, मग काम कोणाचे? हातांचे काम विद्यार्थ्यांचेच, आणि निबंधांवर त्यांचीच नावे पहिली आहेत. पण 1991 चा प्रश्न 2017 पर्यंत जिवंत ठेवणे हेही काम आहे, आणि तेच दुर्मीळ आहे.

जबलपूरच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की माशीचा हा विषय पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपुरता ठेवू नका. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट, अगर, कापसाचे बोळे लावलेल्या बाटल्या आणि उन्हाळ्यात एक थंड खोली, एवढ्यावर माशी वाढते. 25 अंशांना अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस लागतात.