जुना ट्रॅक्टर अडखळतो, दोष कुणाचा?

जुना ट्रॅक्टर विकत घेतला, की ऐन पेरणीत तो गचके खातो, सकाळी सेल्फही घेत नाही. मग आधी बॅटरी बदलली जाते. पैसा वाया जातो तो इथेच. साध्या पंपाच्या डिझेल इंजिनात ठिणगीचे काम नसते. एकदा सुरू झाले की ते बॅटरीवाचून चालते. तेव्हा ओढीला अडखळले तर डिझेलचा मार्ग तपासा. टाकीत गाळ असेल, फिल्टर तुंबला असेल, नाहीतर ढिल्या नटातून नळीने हवा धरली असेल. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळा.

सेल्फचे दुखणे निराळे. पुढचा दिवा लावून सेल्फ मारून बघा. दिवा पार मंदावला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर क्षार चढला आहे. टोके गरम पाण्याने धुऊन घासा. अर्थची वायर आधी सोडा, जोडताना शेवटी जोडा. दिवा लख्ख राहिला तर सेल्फचा स्विच व वायरी पाहा. इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट हवेत. नसतील तर पट्टा ताणा, मग डायनामो दाखवा. आणि हो, बॅटरीजवळ बिडी नको, तिचा वायू पेटतो.